ओठावरची गाठ आणि ओठाआडची चिमूट

अर्धापूर असो की लातूरकडचं एखादं खेडं, सोयरिकीच्या बैठकीत पाण्याच्या तांब्यामागोमाग तंबाखूची डबी फिरते. मुलगी खाली मान घालून येते. तिच्या खालच्या ओठाच्या आत वाटाण्याएवढी निळसर, मऊ गाठ असेल, तर घरातून तिला आधीच ताकीद मिळालेली असते : हसू नको, ओठ मिटून बस. समोरचा नवरदेवही ओठ मिटूनच बसलेला असतो, कारण त्याच्या ओठाआड तंबाखू आहे. त्याला कुणी एक शब्द विचारत नाही.

मुलीची ती गाठ आहे तरी काय? ओठाच्या आतल्या अस्तरात लाळेच्या बारीक ग्रंथी असतात. दात लागला, ओठ चावायची सवय असली, पडून मार बसला, की एखादीची नळी फुटते आणि चिकट लाळ बाहेर न येता आतच साठते. डॉक्टर त्याला म्युकोसील म्हणतात. सहसा ती दुखत नाही, एकाची दुसऱ्याला लागत नाही, आणि कर्करोग तर ती नव्हेच. मुलांत नि तरुणांत ती जास्त दिसते. कधी आपोआप फुटून जिरते नि काही दिवसांनी पुन्हा भरते. पुन्हा भरली की घरात कुजबुज सुरू : बाहेरचं काही असेल, नजर असेल. आत फुटलेली ग्रंथी तशीच आहे, एवढं साधं कारण कुणाला सुचत नाही.

मग उपाय सुरू होतात. कुणी सुई तापवून टोचतं, कुणी चुना लावतं, कुणी बिब्बा, कुणी अंगारा. केळीच्या पानावर करप्याचा ठिपका दिसला तर त्याच दिवशी फवारणीचं औषध आणायला धावणारे आपण, पोटच्या पोरीच्या ओठाला मात्र चुलीवरची सुई लावतो! टोचलेली गाठ परत भरते, वर पू होतो तो वेगळा. ती गाठ रक्तवाहिन्यांची निघाली तर रक्त थांबता थांबत नाही. बिब्ब्याच्या तेलानं कातडी भाजते. ओठ मिटला की जे कुणाला दिसलंही नसतं, त्याच्या जागी आपण जन्मभराचा व्रण कोरून ठेवतो आणि वर पोरीलाच खोडीची म्हणतो.

खरा उपाय एवढासा आहे. गाठ लहान असेल तर काही आठवडे वाट पाहायची, ओठ चावायची सवय सोडायची. नाहीच गेली तर फक्त ओठ बधिर करून गाठ आणि तिच्या लगतच्या ग्रंथी काढतात, दोन-चार टाके घालतात, काढलेला तुकडा तपासायला पाठवतात. ग्रंथी मागे राहिली तर गाठ परतू शकते. क्वचित ओठाचा थोडा भाग काही काळ बधिर राहतो. गाठ वरच्या ओठात असेल, कडक लागत असेल, तिच्यातून रक्त येत असेल किंवा तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरत नसेल, तर वाट पाहू नये. नांदेडजवळ विष्णुपुरीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथं जायचं म्हटलं की घर अडतं ते ‘सोयरीक मोडेल’ या भीतीपाशी. दवाखान्यात कुणी पाहिलं तर? म्हणजे पोरीच्या दुखण्यापेक्षा पाहणाऱ्याचे डोळे आपल्याला मोठे वाटतात.

आता त्या दुसऱ्या ओठाकडे या. २०१६-१७च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरताना आढळले, आणि त्यातले बहुतेक चघळणारे वा दाताला लावणारे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. पुडी कुठं मिळते हे शाळकरी पोरगंही सांगतं. सुपारी नि गुटख्यानं गालाचं अस्तर ताठर होतं, तोंड उघडेनासं होतं, तिखट सोसत नाही, आणि पुढं त्यातूनच कर्करोग उद्भवू शकतो. हा ओठ घातकी. पण त्याला आपण पाहुणचार म्हणून डबी पुढं करतो. निरुपद्रवी गाठीची लाज आणि विषाचा मान, असा आपला न्याय आहे, आणि तो चालवणारे बैठकीतले जाणते आपणच आहोत.

पुढच्या बैठकीत मुलीच्या बापानं नवरदेवाला तोंड उघडायला सांगावं. त्याची स्वतःची तीन बोटं उभी धरून दातांमधून आत जातात का, पाहावं. जात नसतील तर आधी दवाखाना, मग मुहूर्त.