साठ दिवसांचा कायदा आणि सहा महिन्यांचा ऊस



दिवाळी जवळ आली. मुकादमांच्या मोटारसायकली पाड्यापाड्यावर फिरायला लागल्या. कुणी पाच हजार उचल घेतली, कुणी दहा हजार. ज्वारी अजून शेतात उभी आहे आणि पुढच्या सहा महिन्यांची मजुरी आपण आत्ताच खाऊन बसलो. दिवाळी झाली की एका रात्री ट्रक येईल, आणि चांदसैलीचा घाट उतरून निम्मा पाडा गुजरातला, बारडोलीकडच्या उसात जाईल. म्हणून हे आत्ता लिहितो. ट्रक आल्यावर लिहून काय उपयोग?

कचेरीतले साहेब म्हणतात, "तुम्हा लोकांना भटकायची सवयच आहे. दरवर्षी जाता." मी त्यांना विचारतो, साहेब, सवय म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे का? तुमची बदली शेजारच्या तालुक्यात झाली तरी तुम्ही ती रद्द करायला मुंबईपर्यंत जाता. बदलीत तुम्हाला सामानाचा भत्ता मिळतो, पोरांच्या शाळेचा दाखला मिळतो, राहायला क्वार्टर मिळतं. आमची बदली दरवर्षी होते, बायकापोरांसकट, दुसऱ्या राज्यात. भत्ता नाही, दाखला नाही, आणि क्वार्टर म्हणजे चार बांबू आणि एक प्लास्टिक.

हे मी बाहेरून बघून लिहीत नाही. मी संघटनेचा कार्यकर्ता. "उचल घेऊ नका" असं मीच सभेत बोलायचो. मागच्या वर्षी पावसाळ्यात बायको आजारी पडली, दवाखान्यात पैसे गेले, सावकाराने दारात येऊन शिव्या दिल्या. तेव्हा मीही मुकादमाकडून दहा हजार घेतले. बायको, सहा वर्षांचा पोरगा आणि दीड वर्षाची पोरगी घेऊन मी ट्रकात चढलो. सभेत ज्यांना नको म्हणालो होतो तेच भाऊ ट्रकात माझ्या शेजारी बसले होते. कुणी मला टोचून बोललं नाही. त्याचीच मला जास्त लाज वाटली.

एका ट्रकात किती माणसं ते मोजायला जागाच नव्हती. ज्वारीची पोती, भांडी, कोंबड्या, एक शेळी, म्हातारी माणसं आणि पदराखाली पोरं. घाटात पोरीला ताप भरला. रात्री थांबायचं कुठे? ड्रायव्हर मुकादमाचं ऐकतो, आपलं नाही. सकाळी उतरवलं ते उसाच्या कडेला. पहिला दिवस खोपी बांधण्यात गेला, दुसऱ्या दिवशी पहाटे तोड सुरू. पोरीला दवाखान्यात न्यायला तिसरा दिवस उजाडला. तिथली बाई वाईट नव्हती, तिने औषध दिलं. पण लसीचं कार्ड मागितलं तेव्हा कार्ड मराठीतलं, तिचं रजिस्टर गुजरातीत. अंगणवाडीत पोरीचं नाव नाही, कारण ती "या गावची नाही". रेशन कार्ड दाखवलं तर दुकानदार हसला. ते कार्ड महाराष्ट्राचं. म्हणजे घरचं रेशन तिकडे बुडालं आणि इकडे बाजारभावाने धान्य घेतलं, नाहीतर मुकादमाकडून खावटी घेतली. तीही हिशेबात कापली जाते.

पोरगा पहिलीत होता. अक्षरं नुकतीच ओळखायला लागला होता. पडावाजवळच्या शाळेच्या भिंतीवर लिहिलेलं बघून म्हणाला, "बाबा, यांनी वरची रेघ का पुसली?" गुजराती अक्षराला वर रेघ नसते. त्याला काय सांगू? तो त्या शाळेत गेला नाही, बहिणीची झोळी हलवत बसला. मेमध्ये परत आलो तेव्हा आपली अक्षरंही विसरला होता. शाळेने त्याचं नाव "सतत गैरहजर" लिहिलं. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

याहा मोगीचं ठाण देवमोगऱ्याला आहे. तो गाव गुजरातमध्ये. आपले सोयरे सीमेच्या दोन्ही बाजूंना. 1 मे 1960 ला दोन राज्यं झाली तेव्हा आपल्या आजोबांना कुणी विचारलं नाही. दर्शनाला जाताना, लग्नाला जाताना ती सीमा आपल्याला कधी दिसली नाही. ती दिसते फक्त तापलेलं पोर हातात असताना आणि रेशनच्या दुकानात उभं राहिल्यावर. कारखान्याला आपला घाम सीमेपलीकडून चालतो, पण आपल्या पोराचं नाव चालत नाही. हा कुठला न्याय?

कुणी विचारेल, बायकापोरांना कशाला नेता, एकट्याने जा. हे ज्याने ऊस तोडला नाही तोच विचारतो. कोयता म्हणजे एक माणूस नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. एक तोडतो, दुसरी पाला काढून मोळी बांधते. एकट्याला मुकादम उचल देत नाही. म्हणून आई जाते. आई जाते म्हणून अंगावरचं पोर जातं. त्याला सांभाळायला मोठं पोर जातं. मुकादम पैसे देतो दोघांचे, पण कामाला लागतं सगळं घर. सहा महिन्यांनी हिशेब झाला. हजाराच्या उचलीवर दीड हजार कापले, खावटी कापली. माझ्या हातात जे उरलं त्यात बियाणंही आलं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा उचल. याला सवय म्हणत नाहीत, याला फास म्हणतात.

आता मुख्य गोष्ट. ती उसापेक्षा मोठी आहे.

माझ्या आजोबांनी फोडलेली डोंगरउतारावरची जमीन बाप कसत होता, आता मी कसतो. बापाने फॉरेस्टला दंड भरला त्याची पावती आहे. 2006 चा वनहक्क कायदा आला, 1 जानेवारी 2008 ला नियम आले, आपण दावे भरले. घर बंद ठेवून जायचं, उंदीर खातील, कुणी नेईल, म्हणून ती पावती मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून बरोबर नेली. फेब्रुवारीत पाहणी झाली. पावती उसाच्या पडावावर, मी उसाच्या पडावावर, आणि पाहणी इकडे डोंगरावर! मेमध्ये आलो तेव्हा कागदावर लिहिलेलं होतं: "पाहणीवेळी दावेदार गैरहजर. ताबा दिसून आला नाही." पोराला शाळेने लावला तोच शब्द मला जमिनीवर लावला.

साहेब, फेब्रुवारीत डोंगरावर कुणाच्या शेतात पीक उभं असतं? आपली शेती पावसाची. ज्वारीची धसकटं होती, दगडांचा बांध होता, बांधावर आजोबाने राखलेला महू होता. हे दिसलं नाही? आणि उलट मलाच विचारलं, "तुम्ही अर्धं वर्ष गुजरातमध्ये, मग इथे राहता कसे?" ज्या भुकेमुळे आम्ही गेलो तीच भूक आमच्या विरोधात पुरावा म्हणून वापरतात!

दावा नामंजूर झाला तर कायद्याने दाद मागायला साठ दिवस. ग्रामसभेच्या ठरावावर उपविभागीय समितीकडे साठ दिवस, आणि त्या समितीच्या निर्णयावर जिल्हा समितीकडे साठ दिवस. ऊस मात्र सहा महिने, म्हणजे एकशे ऐंशी दिवस. हिशेब तुम्हीच करा. आपण तोड करत असताना साठ दिवस तीनदा येतात आणि तीनदा जातात. शिवाय त्या ग्रामसभेला निदान निम्मी माणसं हजर लागतात. पाडा रिकामा असेल तर ग्रामसभा भरणार कशी? आणि भरली असं कागदावर दाखवलं तर खोटं म्हणणार कोण?

आता आपल्या संघटनेलाही दोन शब्द. "जाऊ नका" एवढं सांगून आपलं काम संपत नाही. सांगणाऱ्याने त्या घरातली कणगी बघितली पाहिजे. कणगी रिकामी असेल तर माणूस जाणार, आणि त्याला दोष द्यायचा आपल्याला हक्क नाही. मी स्वतः गेलो म्हणून हे बोलतो. पण "नशीब आहे" म्हणून गप्प बसायचाही हक्क नाही. कारण कायदा आपल्या बाजूने आहे, फक्त कुणी तो आपल्याला वाचून दाखवत नाही. तर वाचा:

1) रोजगार हमी. मागितल्यापासून 15 दिवसांत काम दिलं पाहिजे, नाहीतर बेकारी भत्ता. कामावर पाच किंवा जास्त लहान पोरं असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची. म्हणजे हे काम घराजवळ आहे आणि पोरांसकट आहे. पण तोंडी मागू नका.  लेखी अर्ज द्या, तारखेची पावती घ्या.

2) 1979 चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा, जो 2025 पर्यंत लागू होता. त्यात दुसऱ्या राज्यातले पाच किंवा जास्त मजूर नेणाऱ्या ठेकेदाराला लायसन लागायचं. प्रत्येकाला फोटोचं पासबुक द्यावं लागायचं, ते मजुराला समजेल त्या भाषेतही लागायचं. जाण्यायेण्याचं भाडं, प्रवासाच्या दिवसांची मजुरी, राहायला जागा, फुकट औषधपाणी द्यावं लागायचं. वर महिन्याच्या मजुरीच्या निम्मा विस्थापन भत्ता होता, आणि तो परत कापता येत नव्हता. यातलं एक तरी कुणी पाहिलं आहे का? मुकादमाला विचारा, "लायसन दाखव." तो हसेल. एकट्याने विचारलं तर हसेल. चाळीस कोयत्यांनी मिळून विचारलं तर हसणार नाही.

3) वनहक्काचा नियम 12. पाहणीची खबर दावेदाराला आधी दिली पाहिजे. आणि मेंढपाळ, भटक्या जमातींचे दावे ती माणसं किंवा त्यांचे प्रतिनिधी हजर असतील तेव्हाच तपासायचे, असं त्याच नियमात लिहिलेलं आहे. मेंढ्यांमागे जाणाऱ्यासाठी सरकार थांबू शकतं, तर उसामागे जाणाऱ्यासाठी का नाही? शिवाय पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने असतो. म्हणून बाईची सही आणि बाईचा शब्दही तेवढाच धरला पाहिजे.

ट्रक यायच्या आधी प्रत्येक पाड्याने एवढं करावं:

ग्रामसभा आत्ता बोलवा, सगळे असताना. ठराव करा की दिवाळीपासून होळीपर्यंत आणि ऊस सुटेपर्यंत दावेदार किंवा त्याने नेमलेला माणूस हजर नसताना पाहणी करू नये, केली तर गाव मान्य करणार नाही. ठरावाची एक प्रत कचेरीत द्या आणि पोच घ्या.

जाणाऱ्यांची यादी करा. कोण गेला, कोणत्या टोळीत, कोणत्या मुकादमाबरोबर, पोरं किती, कोणत्या पडावावर. यादी वनहक्क समितीकडे ठेवा. कुणाच्या दाव्यावर कागद आला की त्याच दिवशी निरोप गेला पाहिजे. साठ दिवस त्याच दिवसापासून मोजा.

कागद बरोबर नेऊ नका. मी केलेली चूक करू नका. पावती, दाव्याची पोच, म्हाताऱ्यांचे जबाब यांच्या झेरॉक्स करून समितीच्या पेटीत ठेवा. मूळ कागद घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडे द्या.

जमिनीची राखण लाह करून करा. आपण एकमेकांची निंदणी लाह करून करतो, घर लाह करून बांधतो. मग गेलेल्या भावाच्या शेताचा बांध लाह करून का नाही राखायचा? मागे राहिलेल्यांनी त्या शेतावर उभं राहावं आणि पाहणीला आलेल्याला सांगावं, "हा माणूस मेला नाही, कामाला गेलाय. ही त्याची धसकटं, हा त्याचा बांध."

शाळेत जाणारी पोरं जमेल तितकी आजी-आजोबांकडे ठेवा, आणि त्यांच्या जेवणाची, हंगामी वसतिगृहाची मागणी ग्रामसभेतून लेखी करा.

माझी अपील आता दाखल झाली आहे, कारण मी वेळेत परत आलो. माझ्याच पाड्यावरचे तिघे वेळेत आले नाहीत. त्यांचे साठ दिवस उसात संपले. त्यांच्यासाठी आपण पुन्हा भांडणार आहोत. पण यंदा चौथा, पाचवा होऊ द्यायचा नाही.

उसासाठी आपण दुसऱ्याच्या राज्यात जातो. आपल्या जमिनीसाठी निदान आपल्या ग्रामसभेत तरी जाऊ.

यंदा मी उचल घेतलेली नाही. रोजगार हमीचा अर्ज दिला आहे, तारखेची पावती माझ्याकडे आहे. तुम्हीही द्या. पंधरा दिवस झाले की पावत्या घेऊन सगळे मिळून कचेरीवर जाऊ.

आमच्या गावात आम्हीच सरकार!