गणवेशाआडचा चोर आणि आपले मौन



अजमानच्या कॉर्निशवर संध्याकाळी फिरायला जाणाऱ्या आम्हा निवृत्त परिचारिकांचा एक लहानसा घोळका आहे. कोणी मुंबईची, कोणी कोकणातली, कोणी केरळची. उमेदीची वर्षे आखातातल्या इस्पितळांत गेली. आता मुलांच्या संसारात राहतो आणि दुपारी हातात मोबाईल घेऊन बसतो. या घोळक्यातली एक विधवा मैत्रीण मध्यंतरी येईनाशी झाली. विचारले तर म्हणे, गुडघे दुखतात. खरे कारण आठ महिन्यांनी कळले. फेसबुकवर ओळख झालेल्या एका 'अमेरिकन लष्करी डॉक्टरा'ने आपण सीरियात असल्याचे सांगून तिच्याकडून चाळीस हजार दिरहम काढले होते. आधी रजा मंजूर करून घेण्याची फी, मग भेटवस्तूचे पार्सल कस्टममधून सोडविण्याची फी, मग वकिलाची फी.

चोरावर आमचा राग आहेच. पण लेखणी हाती घेतली ती आपल्याच मंडळींच्या बोलण्यामुळे. "या वयात हे काय सुचले?" "इतकी शिकलेली बाई आणि एवढी खुळी?" असे उद्गार निघाले. आम्ही स्पष्ट सांगतो, या उद्गारांवरच चोराचा धंदा चालतो. आणि आम्हीही यातून सुटलेलो नाही. पूर्वी अशीच एक बातमी वर्तमानपत्रात आली तेव्हा त्याच कॉर्निशवर आम्ही सगळ्या खदखदून हसलो होतो. ही मैत्रीण तेव्हा आमच्या शेजारी बसली होती. पुढे स्वतःवर पाळी आली तेव्हा ती आमच्याकडे का आली नाही, हे आता आम्हाला कुणी समजावून सांगायला नको.

"मूर्ख बायकाच फसतात" असे म्हणणाऱ्यांनी पुढील प्रकरणे पाहावीत. २०१९ साली अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे ऐंशी जणांवर आरोपपत्र उघड झाले. त्यात एका जपानी बाईची हकीकत आहे. सीरियात असलेला अमेरिकन कॅप्टन म्हणवणाऱ्याने तिला महिनोन्‌महिने पत्रे लिहिली. मग हिऱ्यांची पिशवी सापडल्याची थाप मारली आणि ती देशाबाहेर काढण्यासाठी पैसे मागत राहिला. तिने पस्तीस-चाळीस वेळा पैसे भरले, बहिणीकडून आणि घटस्फोटित नवऱ्याकडूनही उसने घेतले. तिचे सुमारे दोन लाख डॉलर गेले. पुण्यातले प्रकरण २०२१ साली उघडकीस आले. मोठ्या हुद्द्यावर काम केलेल्या साठीच्या बाईंना ब्रिटनमधल्या 'मित्रा'ने वाढदिवसाला आयफोन पाठविल्याचे सांगितले, आणि तो कस्टममधून सोडविण्याच्या नावाखाली दोनशेंहून अधिक व्यवहारांत जवळजवळ चार कोटी रुपये उकळले. या बायका खुळ्या नव्हत्या. एकट्या होत्या, आणि रोज सकाळी "जेवलीस का?" एवढे विचारणारे कोणीतरी त्यांना भेटले होते. आपल्यापैकी किती जणांनी आपल्या एकट्या मावशीला या आठवड्यात तेवढे विचारले?

हा चोर सैनिकच का बनतो, याचाही विचार करावा. सैनिक दूर असतो, कुठे आहे ते सांगू शकत नाही, कॅमेऱ्यासमोर येत नाही, आणि यातल्या कशाबद्दलच आपल्याला संशय येत नाही. शिवाय गणवेशाबद्दल आपल्या समाजाच्या मनात जुना आदर आहे. आपले पूर्वज कंपनी सरकारच्या मुंबई लष्करात सुभेदार-जमादार झाले. १७९६ साली मुंबईतले पहिले सिनेगॉग बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर हे त्याच लष्करातले अंमलदार होते. मुलगा लष्करात आहे म्हटले की आपल्याकडे अर्धी चौकशी तिथेच संपे. आज इस्राएलात आपले नातू-नाती तोच गणवेश घालतात. त्या गणवेशाचा फोटो उचलून कोणी आपल्या आयाबहिणींना लुटत असेल, तर तो आपल्या मुलांच्या नावालाही काळे फासतो.

खरी गोष्ट सरळ आहे. अमेरिकन लष्कराच्या तपास विभागाने ती वारंवार जाहीर केली आहे. सैनिकाला रजा विकत घ्यावी लागत नाही. त्याच्या रजेसाठी बायकोने किंवा वाग्दत्त वधूने पैसे भरायचे नसतात. त्याचे औषधपाणी सरकार करते. तेव्हा पैशाचे पहिले मागणे आले की समजावे, समोर सैनिक नाही. आपल्या देशात याच चोराचे दुसरे रूप आहे. लष्करी ओळखपत्राची प्रत दाखवून "बदली झाली, स्कूटर स्वस्तात देतो" म्हणणारा. त्यालाही हाच नियम लावावा.

हे सारे दूर कुठेतरी चालते असेही समजू नये. २०२४ साली खुद्द अजमानमध्ये पोलिसांनी छापे घालून सायबर ठगांना पकडल्याच्या बातम्या आल्या. कायदाही कडक आहे. संयुक्त अरब अमिरातीत २ जानेवारी २०२२ पासून लागू असलेल्या कायद्यात ऑनलाइन फसवणुकीला किमान एक वर्ष कैद, किंवा अडीच लाख ते दहा लाख दिरहम दंड, किंवा दोन्ही आहेत. खाजगी फोटो पसरविण्याची धमकी देऊन पैसे मागणे हाही तिथे गुन्हा आहे. पण कायद्याला तक्रार लागते, आणि तक्रार करायला तोंड उघडावे लागते.

चाळीस वर्षे आम्ही जखमा धुतल्या. अब्रूपायी झाकून ठेवलेली जखम चिघळते, हे आम्ही पुष्कळदा पाहिले आहे. आमच्या मैत्रिणीचेही तेच झाले. ती गप्प राहिली, म्हणून "गेलेले पैसे परत मिळवून देतो" म्हणणारा दुसरा ठग आला आणि त्यानेही फी घेतली. पहिल्याच दिवशी ती बोलली असती तर हा दुसरा घाव बसला नसता.

म्हणून आमचे मागणे असे. पैसे गेले असतील तर त्याच तासाला बँकेला कळवा आणि पोलिसांकडे जा. अमिरातीत ९९९, भारतात १९३०, इस्राएलात १००. चॅट पुसू नका, तोच पुरावा आहे. अनोळखी माणसाचे पैसे आपल्या खात्यात घेऊन पुढे पाठवू नका, नाहीतर चोराऐवजी पोलीस तुमच्या दारात येतील. आणि ज्यांचे काही गेले नाही त्यांना हात जोडून सांगणे की, हसू नका. तुमच्या हसण्याने कोणाचे तरी तोंड बंद होते, आणि तेवढे चोराला पुरते.

आमची मैत्रीण आता पुन्हा फिरायला येते. परवा बाकावर बसून तिने आपली हकीकत सर्वांना स्वतः सांगितली. ती संपल्यावर दोघीजणींनी हळूच आपापले मोबाईल पुढे केले. "जरा पाहता का, मलाही एका कॅप्टनचे मेसेज येतात."