ग्रीक शेतकऱ्याच्या घरचे घेवड्याचे कढण



खरिपाचा घेवडा झोडून, उफणून झाला की पोती भरून बाजारची वाट धरतात. चार पैसे हातात येतात, ते यायलाच हवेत. पण घरी खायला किती ठेवला असे विचारले तर पुष्कळ घरी उत्तर मिळते, "बियाण्यापुरता ठेवलाय, साहेब." जो कडधान्य पिकवतो त्याच्याच पोरांच्या ताटात ते नसावे, ही गोष्ट बरी नव्हे. म्हणून आज घेवड्यावरच जगलेल्या एका मुलखाची हकिगत सांगतो आणि त्यांच्या चुलीवरचे कढणही सांगतो.

युरोपच्या दक्षिणेला समुद्राकाठी ग्रीस देश आहे. मुलूख डोंगराळ, उन्हाळा कोरडा आणि पाऊस पडतो तो हिवाळ्यात. पूर्वी तेथल्या खेड्यांत मांस शिजे ते सणासुदीलाच. एरवीचा आधार म्हणजे पाव, ऑलिव्ह, रानातला पाला आणि कडधान्ये. त्यांत पांढऱ्या घेवड्याच्या कढणाला मोठा मान. त्याला ते 'फासोलादा' म्हणतात. गरिबाघरचे हे खाणे आज ग्रीसचे राष्ट्रीय जेवण म्हणून ओळखले जाते.

त्यांच्या धर्मात उपवास पुष्कळ. ईस्टरपूर्वी चाळीस दिवस आणि वर्षातल्या बहुतेक बुधवारी व शुक्रवारी मांस, अंडी, दूध, चीज वर्ज्य. आपल्या उपवासाला कडधान्य चालत नाही, त्यांचा उपवास कडधान्यावरच निघतो. त्यामुळे घेवडा आठवड्यातून एकदा-दोनदा पोटात जातोच.

गंमत अशी की घेवडा मूळचा ना त्यांचा, ना आपला. तो अमेरिका खंडातला. १४९२ साली कोलंबस तिकडे पोहोचल्यानंतर हळूहळू जगभर पसरला. सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावचा वाघ्या घेवडा, उत्तरेकडचा राजमा आणि फासोलादाचा पांढरा घेवडा हे एकाच जातकुळीचे. वाघ्या घेवड्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ग्रीसमध्येही उत्तरेकडे प्रेस्पा सरोवराकाठी पिकणाऱ्या मोठ्या दाण्याच्या घेवड्याला १९९८ पासून युरोपात असेच संरक्षण आहे.

आता कृती सांगतो. अर्धा किलो घेवड्यात सहा माणसांचे भागते. घेवडा निवडून रात्री भरपूर पाण्यात भिजत घालावा. सकाळी ते पाणी टाकून द्यावे. नव्या पाण्यात घालून चांगली खळखळून उकळी आणावी, अर्धा तास तशीच ठेवावी आणि तेही पाणी ओतून टाकावे. पुन्हा गरम पाणी घालून मऊ होईपर्यंत शिजवावा. मग दोन कांदे, तीन गाजरे आणि सेलरी चिरून घालावी. सेलरी म्हणजे जाड देठाची, कोथिंबिरीच्या कुळातली भाजी. ती आपल्याकडे न मिळाल्यास कोथिंबिरीचे देठ आणि ओव्याची दोन पाने चालतात. भाज्या शिजत आल्या की दोन-तीन टोमॅटो, मीठ व मिरपूड घालावी. टोमॅटो आधी घालू नये, आंबटामुळे दाणा लवकर शिजत नाही. रस दाटसर झाला की उतरावे. फोडणी नाही, मसाला नाही, वाटण नाही.

ग्रीक बाई यात वाटीभर ऑलिव्ह तेल ओतते, कारण ते तिच्या बागेतले तेल. आपण ते महाग तेल शहरातून आणू नये. घरच्या शेंगदाण्याचे चार-पाच चमचे तेल पुरे. ते लोक हे कढण पाव, ऑलिव्ह आणि कच्च्या कांद्याबरोबर खातात. आपण ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी कुस्करावी आणि वरून लिंबू पिळावे.

एक इशारा मात्र भगिनींनी नीट ध्यानात ठेवावा. कच्च्या घेवड्यात एक विषारी द्रव्य असते, लाल दाण्यात ते जास्त. अर्धवट शिजलेला घेवडा खाल्ल्यास थोड्याच तासांत उलट्या व जुलाब होतात. नुसत्या मंद आचेवर, उकळी न आणता ठेवलेला घेवडा धोक्याचा असतो. खळखळून उकळला की ते द्रव्य नष्ट होते. दाणा बोटाने सहज चेपला पाहिजे.

हे खाऊन मिळते काय? वाळलेल्या घेवड्यात शंभर ग्रॅमला बावीस-तेवीस ग्रॅम प्रथिने असतात. भाकरीच्या धान्यात जे प्रथिनांचे घटक कमी असतात ते घेवडा पुरवतो आणि घेवड्यातली उणीव धान्य भरून काढते. लोहही असते. लिंबा-टोमॅटोतील क जीवनसत्त्वामुळे ते अंगी अधिक लागते. म्हणून जेवणाबरोबर चहा घेऊ नये, चहाने लोह वाया जाते. घरातल्या बायका आणि वयात येणाऱ्या मुलींच्या ताटात तर हे आधी पडावे.

१९५८ साली सात देशांतील पुरुषांच्या आहाराचा आणि हृदयविकाराचा मोठा अभ्यास सुरू झाला. त्यात ग्रीसच्या क्रीट बेटावरील लोकांत हृदयविकाराने होणारे मृत्यू फारच कमी आढळले. ते एकट्या कढणाचे श्रेय नव्हे. ती माणसे डोंगर चढत, शेतात राबत आणि भाजीपाला भरपूर खात. कढण म्हणजे औषध नव्हे. ते रोजच्या चांगल्या सवयींतली एक सवय आहे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्याने मात्र डॉक्टरांना विचारूनच खावे. सवय नसेल तर पोटात वायू धरतो, तेव्हा सुरुवात अर्ध्या वाटीने करावी.

तेव्हा यंदा पोती शिवण्यापूर्वी एक हिशेब करा. पाच-सहा माणसांच्या घराला आठवड्यातून एकदा अर्धा किलो, म्हणजे वर्षाला सव्वीस किलो. एवढा घेवडा उन्हात खडखडीत वाळवून, कोरड्या डब्यात झाकून बाजूला ठेवा आणि मगच बाकीचा गाडीत चढवा. व्यापाऱ्याच्या काट्यावर सव्वीस किलोचा फरक फार पडणार नाही. घरच्या लेकरांच्या अंगावर तो दिसेल.