पैशाचं विचारू नये, असं कोण सांगतं?

२०२५ च्या एप्रिलमध्ये जयंतीनिमित्त नव्या वकिलांसाठी एक मार्गदर्शनाचा कार्यक्रम होता. मी वकील नाही, समाजशास्त्रात पीएच.डी. करते. पण माझ्या मावसभावानं नुकतीच सनद घेतली होती आणि एकटा जायला तो संकोचत होता, म्हणून सोबत गेले. पंचवीस-तीस वर्षं वकिली केलेले एक ज्येष्ठ वकील बोलायला उभे राहिले. म्हणाले, "पहिली तीन वर्षं पैशाचं नावसुद्धा काढायचं नाही. सीनियरचा विश्वास कमवा. पैसा मागून आपोआप येतो." टाळ्या झाल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत बहुतेक पोरं घरातली पहिली पदवीधर होती. कुणाची आई शेतात रोजानं जाते, कुणाचे वडील नगरपालिकेत सफाई कामगार. वक्ते आपल्यातलेच होते, म्हणून मला ते जास्त लागलं.

मागे बाबासाहेबांचा बॅरिस्टरच्या पोशाखातला फोटो होता. १९२३ साली मुंबईत वकिली सुरू करताना बाबासाहेबांजवळ सनदेपुरते पैसे नव्हते, ते त्यांचे मित्र नवल भथेना यांनी दिले. बॅरिस्टर झाले तरी अस्पृश्य बॅरिस्टरकडे कामं पाठवणारे सॉलिसिटर नव्हते. घर चालवायला त्यांनी बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सीच्या संस्थेत अर्धवेळ व्यापारी कायदा शिकवला. त्या फोटोखाली उभं राहून "पैसा आपोआप येतो" म्हणणं मला तरी जमलं नसतं.

हा सल्ला खोटा नाही. तो ज्यांच्यासाठी तयार झाला त्यांच्यासाठी अगदी खरा आहे. वडिलांचं ऑफिस, काकांचे अशील, शहरात स्वतःचा फ्लॅट आणि सकाळी डबा भरून देणारं कुणीतरी असेल, तर तीन वर्षं फुकट काम करणं म्हणजे शिक्षणच. खर्च घर करतं, नाव मात्र संयमाचं होतं. आमच्या घरात तोच संयम म्हणजे आईच्या नावावर बचत गटातून काढलेलं कर्ज.

भावाचा हिशोब सांगते. हायकोर्ट असलेल्या शहरात, मुंबई सोडून, तिघांत एक खोली. त्याच्या वाट्याला भाडं तीन हजार, मेस तीन हजार, पेट्रोल, मोबाईल आणि झेरॉक्स मिळून आणखी दोन-अडीच हजार. काळा कोट आणि गाऊन उधारीवर. सहा महिने सीनियरनं काहीच दिलं नाही. सातव्या महिन्यात "पेट्रोलला ठेव" म्हणून दोन हजार हातात ठेवले, तेही चारचौघांत. त्याच ऑफिसात त्याच्यानंतर आलेला एक मुलगा, सीनियरच्या मित्राचा, दुसऱ्या महिन्यापासून अशिलांबरोबरच्या बैठकीत बसायचा. माझा भाऊ नकला काढायचा, तारखा घ्यायचा, फाइल शिवायचा. पहिल्या दिवशी त्याला पूर्ण नाव विचारलं होतं, मग गाव, मग "गावात कुठे?" हा तिसरा प्रश्न कशासाठी असतो, हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे.

मग नोकरी करून वकिली का करत नाही? हे विचारणाऱ्यांना नियम माहीत नसतो. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ४९ नुसार वकिली करताना कुणाकडेही पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. म्हणजे नोकरी करायची नाही आणि सीनियरकडे मागायचंही नाही. मधली जागा फक्त बापाच्या खिशात उरते. सवर्ण घरांनी हा खिसा पिढ्यान्पिढ्या भरलेला आहे. आणि त्यालाच बार रूममध्ये 'मेरिट' म्हणतात.

त्या कार्यक्रमानंतर महिन्याभरातच, २० मे २०२५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू झाली. २००२ मध्ये ही अट काढण्याची दिशा याच न्यायालयानं दिली होती. अनुभव हवा, हे तत्त्व म्हणून मान्य. पण आपल्या मुलींसाठी, खेड्यातल्या मुलांसाठी ही परीक्षा कुणाच्याही ऑफिसात ओळख न लागता न्यायव्यवस्थेत शिरण्याचा रस्ता होती. आता त्या रस्त्यावर तीन वर्षांचा टोलनाका आहे. तिथे पैसे कोण भरणार, यावर कुणी बोलत नाही.

सल्ला देणाऱ्या संस्थांनाही प्रश्न कळलेला आहे. १५ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकात बार कौन्सिल ऑफ इंडियानं ज्युनिअरना शहरात महिना किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत, असं म्हटलं. द्यावेत म्हणजे द्यायलाच हवेत असं नाही. ती शिफारस आहे. त्याच वर्षी जूनमध्ये मद्रास उच्च न्यायालयानंही जवळपास हेच आकडे सांगितले होते. आणि ३० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं सनदेची फी कायद्यात आहे तेवढीच घ्या, म्हणजे खुल्या प्रवर्गाला ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये, असं ठणकावलं. तोवर काही राज्यांत हजारो रुपये, एका राज्यात तर चाळीस हजारांच्या पुढे घेत होते. वर्षानुवर्षं कायद्याच्याच दारात बेकायदा वसुली चालू होती आणि ती करत होत्या वकिलांच्याच परिषदा!

मोठ्या लॉ फर्मची गोष्ट वेगळी, पण मुळात तीच. वर्षाला पंधरा लाखांच्या पुढे देणाऱ्या फर्म मोजक्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांत जाऊन मुलं उचलतात. तिथे पोचायला क्लॅटचा क्लास लागतो, लाखांत फी लागते आणि मुंबई-दिल्लीत महिनाभर स्वखर्चानं राहून इंटर्नशिप करावी लागते. जिल्ह्याच्या कॉलेजातून मराठी माध्यमात शिकलेल्याला "नेटवर्किंग करा" सांगणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला "किनाऱ्याला जा" सांगणं.

पहिल्या तीन वर्षांत कोण टिकलं, यावर वीस वर्षांनी खुर्चीत कोण बसणार हे ठरतं. केंद्रीय कायदा मंत्रालयानं मार्च २०२५ मध्ये संसदेत सांगितलं, की २०१८ पासून नेमलेल्या उच्च न्यायालयांच्या ७१५ न्यायाधीशांत २२ अनुसूचित जातींचे, १६ अनुसूचित जमातींचे आणि ८९ ओबीसी आहेत. याला कॉलेजियम जबाबदार आहेच. पण कॉलेजियमसमोर नाव जायच्या कितीतरी आधी आमची पोरं खोलीभाडं थकलं म्हणून गावी परतलेली असतात.

यावर एक आक्षेप येतो आणि तो मी गंभीरपणे घेते. तालुक्याच्या कोर्टातला सीनियर स्वतःच जेमतेम कमावतो, तो वीस हजार कुठून देणार? मान्य. पण तो सुट्या कामाचा वाटा देऊ शकतो, वकीलपत्रावर ज्युनिअरचं नाव घालू शकतो, संध्याकाळी चार वाजता सोडू शकतो. ज्याच्या दारात दोन गाड्या आहेत आणि तरी ज्युनिअरला "तू माझ्या मुलासारखा" म्हणतो, त्याला हा आक्षेप लागू नाही. मुलासारखा असेल तर त्याला मुलासारखं पोसा.

म्हणून सनद घेतलेल्या माझ्या भावाबहिणींना मी उलटं सांगते. पैशाचं पहिल्याच भेटीत विचारा. "सर, महिन्याला किती आणि कोणत्या तारखेला?" एवढंच. उद्धटपणा नाही, हा करार आहे, आणि तुम्ही कायदा शिकलाय. आकडा ठरला की त्याच रात्री आभाराचा मेसेज टाका आणि त्यात आकडा लिहा. वकीलपत्रावर तुमचं नाव येतंय का आणि हजेरी लागली तर रोजनाम्यात किंवा आदेशात ते नोंदलं जातंय का, हे बघा. त्याच्या प्रती स्वतःकडे ठेवा. न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी अनुभवाचं प्रमाणपत्र तुमच्याच सीनियरचं हवं असं नाही. त्या कोर्टात दहा वर्षं झालेल्या वकिलाचं, प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याच्या पृष्ठांकनासह, चालतं. तेव्हा प्रमाणपत्राच्या भीतीनं कुणाकडे खितपत पडू नका. न्यायाधीशांकडे लॉ क्लार्क म्हणून केलेलं कामही या तीन वर्षांत धरलं जातं आणि त्याला मानधन असतं, म्हणून उच्च न्यायालयांच्या जाहिराती वाचत जा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या बचाव पक्ष वकील योजनेत सहायकाची जागा निघाली तर अर्ज करा. तिथे दरमहा मानधन आहे आणि फौजदारी काम खऱ्या अर्थानं हाताखालून जातं. कायदा शिकवण्याला नियमात वाट आहे, दिवसाला तीन तासांपर्यंत. बाबासाहेबांनी केलं ते लाजेचं नाही. फर्ममध्ये लागलात तर तिथे पगाराला रिटेनर म्हणतात आणि बहुतेकदा दहा टक्के टीडीएस कापतात. उत्पन्न करपात्र नसेल तर रिटर्न भरून तो परत मिळतो. ही गोष्ट आपल्या घरी कुणाला माहीत नसते, म्हणून हजारो रुपये तसेच राहतात.

आणि समाजातल्या ज्येष्ठ वकिलांना हात जोडून एकच: जयंतीच्या व्यासपीठावरून संयम शिकवू नका. तुमच्या ऑफिसात ज्युनिअरला काय देता, तो आकडा सांगा.

भावानं नवव्या महिन्यात ते ऑफिस सोडलं. दुसऱ्या वकिलांकडे गेला तेव्हा मी फोनवर त्याच्याकडून ते वाक्य तीनदा घोकून घेतलं होतं. तरी म्हणाला, तळहाताला घाम आला होता. समोरचे वकील थोडा वेळ फाइलच चाळत राहिले. मग म्हणाले, "आठ हजार. पाच तारखेला." त्यानं रात्री मेसेज टाकला. त्यांनी अंगठा दाखवला.