कण्हणारं चाक

मुलांनो, गॅरेजबाहेर टाकून दिलेली जुनी बेअरिंगं गोळा करून, फळीखाली बसवून तुम्ही कधी गाडी केली आहे का? उतारावरून सुटली की काय खर्रर्र वाजते ती! दुपारी झोपलेली सगळी गल्ली जागी होते आणि मग घरोघरी बोलणी बसतात. त्या गाडीचा आवाज आपल्याला भारी आवडतो. पण तसाच आवाज खऱ्या मोटारीच्या चाकातून यायला लागला तर?

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात केवढा पाऊस झाला, ते तुम्हांला आठवत असेल. आपल्या बीड जिल्ह्यातही नद्या-ओढ्यांना पूर आले. आमची जुनी छोटी मोटार रात्रभर अर्ध्या चाकापर्यंत पाण्यात उभी होती. पाणी ओसरलं, आम्ही ती धुतली, पुसली, किल्ली फिरवली आणि ती सुरू झाली. आम्ही खूश!

दिवाळीची सुट्टी जवळ आली होती. एके सकाळी मी शाळेच्या फाटकातून गाडी आत घेत होते, तर चौथीतला एक मुलगा गाडीच्या बरोबरीनं पळत आला.

"बाई, तुमच्या गाडीचं मागचं चाक कण्हतंय."

मला हसू आलं. पण तो काही गंमत करत नव्हता. त्याचे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जातात. वडिलांची टायरगाडी आहे. बैल जुंपायच्या आधी एकेक चाक उचलून, हातानं फिरवून, कान लावून ऐकायचं, हे त्यानं पहिल्यापासून पाहिलेलं. उसानं भरलेली गाडी चढावर असताना चाक अडकलं, तर बैलांचं आणि माणसांचं काय होईल, ते त्याला मी सांगायची गरज नव्हती.

घरी सांगितलं तर आमचे हे म्हणाले, "टायरचा आवाज असेल. रस्ते बघ की आपले!" मी तेवढ्यावर गप्प बसलेही असते. पण चार दिवसांनी सासूबाईंना डोळे दाखवायला अंबाजोगाईला न्यायचं होतं, आणि वाटेत मांजरसुंब्याचा घाट. मन काही मानेना.

आता आधी बेअरिंग म्हणजे काय ते पाहू. दोन कड्या असतात, एकीच्या आत दुसरी. मधल्या जागेत पोलादाचे गोल छर्रे. छर्रे एकमेकांवर आदळू नयेत म्हणून त्यांना एक जाळी आणि घसटण कमी व्हावी म्हणून ग्रीस. जुन्या लाकडी बैलगाडीत चाक आसावर घासत फिरायचं, म्हणून सारखं वंगण घालावं लागे. छर्रे आले आणि घासण्याचं घरंगळणं झालं. टेबलावर जड पुस्तक ढकलून पाहा, मग त्याच पुस्तकाखाली गोट्या ठेवून ढकला, म्हणजे फरक तुमच्या बोटांनाच कळेल. वेल्समधल्या फिलिप व्हॉन नावाच्या माणसानं १७९४ साली गाडीच्या आसासाठी छर्‍यांच्या बेअरिंगचं पेटंट घेतलं. म्हणजे ही युक्ती सव्वादोनशे वर्षांहून जुनी आहे.

या बेअरिंगचे शत्रू म्हणजे पाणी, धूळ आणि खड्डे. कडेला रबराचं सील असतं, ते पाणी अडवतं. पण सील जुनं झालं की पाणी आत शिरतं, ग्रीस नासतं, पोलाद गंजतं. छर्‍यांच्या गुळगुळीत वाटेवर बारीक खड्डे पडतात. मग प्रत्येक छर्रा त्या खड्ड्यांतून उड्या मारत जातो आणि आपल्याला ऐकू येतं ते "घूंऽऽ" किंवा "खर्रर्र". आवाज लगेच येत नाही, काही आठवड्यांनीही येतो. तोवर आपण पाण्याचं विसरूनही गेलेलो असतो!

मग आम्ही दोघं तपासाला निघालो, अगदी गुप्तहेरांसारखे. पहाटे, मोकळ्या रस्त्यावर. खिडक्यांच्या काचा खाली, रेडिओ बंद. पहिला प्रश्न, आवाज इंजिनाचा की चाकाचा? त्याच वेगात गिअर बदलून पाहिला. इंजिनाचा सूर बदलला, पण "घूंऽऽ" तसंच राहिलं. वेग वाढला की ते वाढे, वेग कमी झाला की उतरे. म्हणजे इंजिन सुटलं. ब्रेक हलकेच दाबला, तरी फरक नाही. दुसरा संशयित टायर. टायरचा आवाज रस्त्याप्रमाणे बदलतो, खरबरीत डांबरावर वेगळा, गुळगुळीत सिमेंटवर वेगळा. आमचा आवाज दोन्हीकडे सारखाच होता. गाडी थांबवून टायरवरून तळहातही फिरवला. कधीकधी टायर करवतीच्या दातांसारखा झिजतो आणि अगदी बेअरिंगसारखाच गुणगुणतो. आमचा तसा नव्हता. यांचा टायरचा सिद्धांत बारगळला. मी काही बोलले नाही हं, नुसतं पाहिलं.

आता डावं चाक की उजवं? हे म्हणाले, "डावं. मला डावीकडूनच ऐकू येतंय." पण पत्र्याच्या डब्यात आवाज घुमतो, त्यामुळे कान फसतात. घाटात लालपरी डावीकडे वळली की आपण सगळे उजवीकडे कलंडतो, हो ना? गाडीचंही तसंच होतं. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर पडतो. ज्या बाजूचं बेअरिंग दुखावलं असेल, ती बाजू भार पडला की जास्त ओरडते. आम्ही सावकाश डावं वळण घेतलं, आवाज वाढला. उजवं वळण घेतलं, आवाज मंदावला. म्हणजे दुखणं बहुधा उजवीकडे. बहुधाच म्हणते, कारण ही खूण नेहमीच खरी ठरते असं नाही. पक्कं करायला चाक उचलावंच लागतं.

इथे मुलांनी चार हात लांब उभं राहून बघायचं, आणि पालकांनी नीट वाचायचं. गाडी सपाट, कठीण जमिनीवर हवी, मातीत जॅक रुततो. आम्हांला मागचं चाक तपासायचं होतं. आमच्या गाडीत इंजिन पुढची चाकं फिरवतं. म्हणून गाडी गिअरमध्ये ठेवली आणि पुढच्या दोन्ही चाकांना मागून-पुढून दगड लावले. हँडब्रेक मागच्या चाकांना धरतो, तो सोडल्याशिवाय मागचं चाक फिरत नाही. म्हणूनच दगड महत्त्वाचे! पुढचं चाक तपासायचं असेल तर उलट: हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दगड आणि गिअर न्यूट्रल. जॅक पुस्तकात दाखवलेल्या जागीच लावायचा. जोडीला घोडी लावावी. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात, पाय, डोकं, काहीही घालायचं नाही. चेंडू गेला तरीसुद्धा नाही!

चाक उचललं. यांनी ते हातानं फिरवलं आणि मी चाकाजवळच्या स्प्रिंगवर तळहात ठेवला. बोटं फिरत्या चाकापासून लांब. उजव्या बाजूला तळहाताला कुरकुर कळली, जशी कुणी आत वाळू टाकली असावी. मग डावं चाक उचललं, ते लोण्यासारखं मऊ फिरलं. दोन्ही चाकं तपासायचीच, नाहीतर चांगलं कसं लागतं ते कळणार कसं? नंतर उजवं चाक वर-खाली धरून हलवलं, एक हात वर खेचतो, दुसरा खाली ढकलतो. अगदी बारीक "टक" झालं. गॅरेजवाले याला 'प्ले' म्हणतात. ब्रेक दाबून ठेवला तर ते "टक" नाहीसं झालं, म्हणजे दोष बेअरिंगचाच. ब्रेक दाबूनही हललं असतं, तर दुसरा एखादा सांधा सैल आहे असं समजायचं.

बेअरिंग बदलणं मात्र घरचं काम नव्हे. ते दाबून काढावं आणि दाबूनच बसवावं लागतं, नट ठरावीक ताकदीनं आवळावा लागतो. गॅरेजमध्ये मिस्त्रीनं ते काढून दाखवलं. ग्रीसचा रंग पिवळा राहिलाच नव्हता, गंजाच्या चिखलासारखा झाला होता. "बाई, अजून थोडे दिवस गेले असते तर जाळी तुटली असती," तो म्हणाला. जाळी तुटली की छर्रे सैरावैरा होतात, चाक डुलतं, तापतं, क्वचित जागीच जाम होतं. घाटात, सासूबाई मागे बसलेल्या असताना! माझे हातपाय गार पडले.

तुमच्या घरी मोटार नसली तरी सायकल असेल. ती उलटी उभी करा, पुढचं चाक हलकेच फिरवा. लाकडी पट्टीचं एक टोक फोर्कवर, आसाजवळ टेकवा आणि दुसरं टोक कानामागच्या हाडाला. तारांपासून बोटं आणि केस दूर ठेवा. मऊ "सूंऽऽ" ऐकू येतं की "खरखर"? मग चाक थांबवून डावी-उजवीकडे हलवून पाहा. घरातल्या सगळ्या सायकली ऐका आणि कुठली कशी वाजते ते वहीत लिहा.

अंबाजोगाईला आम्ही ठरल्या दिवशी गेलो. सासूबाई घाटात चक्क झोपल्या होत्या.

तो मुलगा यंदा गावातच आहे, शाळेच्या हंगामी वसतिगृहात जेवतो आणि आजीकडे झोपतो. आईवडील टायरगाडी घेऊन कारखान्यावर गेले. निघायच्या आदल्या संध्याकाळी बापलेकांनी गाडीची दोन्ही चाकं ऐकली म्हणे. मी त्याला विचारलं, "तुला काय बक्षीस देऊ?" त्यानं आमचं जुनं बेअरिंग मागितलं. डिझेलमध्ये धुऊन ठेवलंय त्यानं. गाडीसाठी अजून तीन हवीत, आणि सध्या तो रोज सकाळी मुख्याध्यापकांच्या मोटारीमागे पळतो.