शैवालाच्या हिशेबात पाणी कोण मोजणार?

शुभांशु शुक्ला 2025 च्या जून-जुलैत ॲक्सिऑम-4 मोहिमेवर आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात गेले. त्यांच्याकडे सोपवलेल्या भारतीय प्रयोगांपैकी दोन प्रयोग अशा जीवांचे होते, जे नुसत्या डोळ्यांना हिरव्या पाण्यापलीकडे काहीच दाखवत नाहीत. एक खाद्य सूक्ष्मशैवालाचा, दुसरा युरिया आणि नायट्रेटवर वाढणाऱ्या सायनोबॅक्टेरियांचा. प्रयोग चोख होते आणि त्यामागचा प्रश्नही खरा होता. अडचण आहे ती अशा प्रयोगांभोवती दर वेळी उगवणाऱ्या घोषणांची: शैवाल उद्याचे पेट्रोल होणार, कारखान्यांचा धूर गिळणार, देशाची भूक भागवणार. या घोषणा साध्या गुणाकारापुढेही टिकत नाहीत.

धुराचेच पाहावे. 500 मेगावॅटचे कोळशावरील वीजकेंद्र पूर्ण क्षमतेने चालले तर दिवसाला 1 कोटी 20 लाख युनिट वीज देते. युनिटमागे सुमारे 900 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरला, तर दिवसाचा वायू 10,800 टन होतो. एक किलो कोरडा शैवालभार तयार होताना साधारण 1.8 किलो कार्बन डायऑक्साइड शोषला जातो. उघड्या तलावात चौरस मीटरमागे रोज 20 ग्रॅम उत्पादन मिळाले, तर ते चांगलेच म्हणावे लागेल. तेवढे गृहीत धरूनही एका केंद्राचा वायू शोषण्यासाठी 300 चौरस किलोमीटर, म्हणजे 30 हजार हेक्टर तलाव लागतात. सूर्य मावळला की हा कारखाना बंद, चिमणी मात्र रात्रभर सुरू. शिवाय तयार झालेले शैवाल कोणी खाल्ले, जाळले किंवा ते कुजले, की शोषलेला बहुतेक कार्बन पुन्हा हवेतच जातो. चौकात काचेच्या हिरव्या टाक्या उभारून त्यांना ‘द्रवरूप वृक्ष’ म्हणणाऱ्यांनी त्या टाक्यांतून निघणाऱ्या शैवालाचे पुढे काय होते, तेही त्याच फलकावर लिहावे.

इंधनाची कथा अधिक बोधक आहे. भावनगरच्या केंद्रीय मीठ व समुद्री रसायन संशोधन संस्थेने 2012 मध्ये शैवालापासून केलेले बायोडिझेल 20 टक्के मिसळून मोटार चालवून दाखवली. शास्त्रीय दृष्टीने हे यश निर्विवाद होते. पण मोटार चालणे वेगळे आणि हिशेब जुळणे वेगळे. तलावातल्या लिटरभर पाण्यात शैवाल असते अर्धा ते एक ग्रॅम. एका किलोसाठी हजार-दोन हजार लिटर पाणी बाजूला सारावे लागते. सेंट्रीफ्यूजमधून काढलेल्या लगद्यातही किलोभर कोरड्या भारामागे सुमारे चार किलो पाणी उरते. ते उकळून उडवायला दहा मेगाज्यूलच्या आसपास ऊर्जा लागते. आणि त्या किलोतून 25 टक्के तेल निघाले, तर त्यातली ऊर्जा भरते नऊ-साडेनऊ मेगाज्यूल! ओल्या लगद्यातूनच तेल काढण्याच्या पद्धती आहेत, हे खरे. पण उष्णता, दाब किंवा द्रावक यांचा खर्च त्यांनाही चुकत नाही. अमेरिकी शासनाने 1978 ते 1996 या काळात शैवाल-इंधनाचा कार्यक्रम चालवला आणि गुंडाळला. एक्सॉनमोबिलने 2009 मध्ये 60 कोटी डॉलरपर्यंत खर्चाची घोषणा केली आणि सुमारे चौदा वर्षांनी हात काढून घेतला. इतका इतिहास समोर असताना प्रत्येक नव्या प्रयोगशाळेची बातमी ‘क्रांती’ या शब्दानेच सुरू व्हावी, याला आळस म्हणावे लागते.

आहाराच्या बाजारात तर आळसाच्या जागी चलाखी येते. स्पिरुलिनात वजनाच्या निम्म्याहून अधिक प्रथिने असतात, हे सत्य. पण प्रथिनांची गरज भागण्याइतकी स्पिरुलिना कोणी खात नाही. माणूस घेतो ती दोन-चार ग्रॅमची गोळी. त्यातले प्रथिन मूठभर शेंगदाण्यांपुढेही फिके. त्याहून गंभीर बाब बी-12 जीवनसत्त्वाची. स्पिरुलिनातील बी-12 बहुतांशी छद्मरूपात असते आणि मानवी शरीराला त्याचा उपयोग होत नाही. ज्या देशात कोट्यवधी लोक शाकाहारी आहेत, तिथे या भरवशावर राहणाऱ्याच्या मज्जातंतूंना त्याची किंमत मोजावी लागू शकते.

मग सूक्ष्मशैवाल निरुपयोगी का? मुळीच नाही. ड्युनालिएलापासून बीटा-कॅरोटीन, हिमॅटोकॉकसपासून ॲस्टाझँथिन, स्पिरुलिनापासून निळा फायकोसायनिन रंग हे चालते उद्योग आहेत, कारण तिथे ग्रॅमला किंमत आहे. अवकाशातही शैवाल शोभते ते याच कारणाने: तिथे प्रत्येक किलो पृथ्वीवरून न्यावा लागतो आणि मूत्रातील युरिया फेकणे परवडत नाही. त्या युरियाच्या प्रयोगाचा पृथ्वीवरचा जुळा भाऊ सांडपाण्याच्या तळ्यात आहे, पेट्रोलपंपावर नव्हे. सांडपाण्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस फुकट मिळतात, आणि पाणी शुद्ध करण्याचा खर्च तसाही करायचाच असतो.

आणि भातखाचरे? पी. के. डे यांनी 1939 मध्येच दाखवून दिले होते की, खाचरातील नायट्रोजनची नैसर्गिक भरपाई प्रामुख्याने नीलहरित शैवाल करते. बनारसला आर. एन. सिंह यांनी आणि दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत जी. एस. वेंकटरामन यांनी ते काम शेतापर्यंत नेले. या शैवालाला सेंट्रीफ्यूज लागत नाही, वाळवण लागत नाही. ते जिथे वाढते तिथेच मुरते. सरकार युरियाच्या अनुदानावर दरवर्षी प्रचंड रक्कम खर्च करते, आणि शैवालखताचे पाकीट भात उत्पादकाच्या जवळच्या दुकानात क्वचितच सापडते.