जहाज वळतं, वाहिनी वळत नाही

ओमानच्या किनाऱ्यावरून निघून अरबी समुद्राच्या तळावरून थेट गुजरातेत उतरणारी नैसर्गिक वायूची वाहिनी भारताला हवी की नको, हा वाद 1993 पासून चालू आहे. त्या वर्षी दोन्ही देशांत सामंजस्य करार झाला आणि काही वर्षांतच, एवढ्या खोल पाण्यात पाइप टाकणं जमणार नाही म्हणून, बासनात गेला. अलीकडच्या प्रस्तावात कमाल खोली 3,400 मीटरच्या घरात आहे आणि रोज 3 कोटी 10 लाख घनमीटर वायू आणायचा आहे. आपल्या आजच्या वापराचा हा साधारण सहावा हिस्सा. ही वाहिनी टाकलीच पाहिजे, असं माझं मत आहे. विरोधकांचे आक्षेप हलके नाहीत, म्हणूनच त्यांना उत्तर द्यायला हवं.

सगळ्यात आधी नॉर्ड स्ट्रीमचा दाखला तोंडावर फेकला जातो. जर्मनी रशियाच्या वाहिनीवर विसंबली, 2022 मध्ये रशियाने पुरवठा आवळला आणि 26 सप्टेंबरला बाल्टिकच्या तळाशी स्फोट होऊन त्या वाहिन्याच फुटल्या. यावरून निष्कर्ष असा की वाहिनी म्हणजे आपली मान दुसऱ्याच्या हाती. हे साप साप म्हणून भुई धोपटणं झालं. जर्मनी अडचणीत आली ती निम्म्याहून अधिक आयात एकाच देशाकडून होत होती म्हणून, आणि द्रवरूप वायूचं जहाज लावून घ्यायला तिच्या किनाऱ्यावर एकही टर्मिनल नव्हतं म्हणून. तिचं पहिलं टर्मिनल डिसेंबर 2022 मध्ये विल्हेल्म्सहाफेनला उभं राहिलं. शेजारच्या पोलंडचा पुरवठा रशियाने एप्रिलमध्येच तोडला होता, पण पोलंडकडे स्वतःचं टर्मिनल होतं आणि नॉर्वेचा वायू डेन्मार्कमार्गे आणणारी ‘बाल्टिक पाइप’ पूर्ण होत आली होती. तिचं उद्घाटन त्या स्फोटांच्या दुसऱ्याच दिवशी झालं. म्हणजे समुद्र तोच आणि साधनही तेच, पण जर्मनीला ज्याने अडकवलं त्यानेच पोलंडला सोडवलं. आपली स्थिती तर जर्मनीच्या नेमकी उलट आहे. दहेज, हजिरा, दाभोळ, कोची अशी टर्मिनलं आपल्याकडे आहेत, परदेशातून येणारी वाहिनी मात्र एकही नाही.

मग म्हणतात, जहाजं आहेत ना, ज्याचा भाव बरा त्याच्याकडून घ्या. हा युक्तिवाद भाव पडलेले असताना शोभतो. रशियाच्या गॅझप्रॉमच्या सिंगापूरच्या कंपनीशी आपल्या सरकारी ‘गेल’चा 20 वर्षांचा करार होता. 2022 मध्ये त्या सिंगापूरच्या कंपनीची जर्मनीतली पालक कंपनी तिथल्या सरकारने ताब्यात घेतली आणि ‘गेल’कडे येणारी जहाजं थांबली. करार होता, पैसे द्यायची तयारी होती, तरी वायू युरोपाची तहान भागवायला गेला. पाकिस्तानचं त्याहून वाईट झालं. त्याच उन्हाळ्यात त्यांनी जहाजांसाठी निविदा काढली, तर एकही बोली आली नाही. जहाज भर समुद्रातून वळवता येतं, दंड भरूनही विक्रेत्याला ते परवडतं. दुष्काळात पाण्याच्या टँकरचं होतं तेच हे.

वाहिनी वळत नाही. म्हणून तिने घेणारा बांधला जातो तेवढाच देणाराही बांधला जातो, आणि ऊर्जासुरक्षेच्या चर्चेत नेमकी हीच गोष्ट सोडून दिली जाते. कतारच्या रास लफानहून समुद्राखालून संयुक्त अरब अमिरातीत जाणारी डॉल्फिन वाहिनी 2007 पासून वाहते आहे. जून 2017 मध्ये अमिरातीने सौदी अरेबियाबरोबर कतारची नाकेबंदी केली. विमानं बंद, बंदरं बंद, राजदूत परत. ही नाकेबंदी जानेवारी 2021 पर्यंत टिकली आणि त्या सगळ्या काळात डॉल्फिनचा वायू अमिरातीच्या वीजकेंद्रांना मिळत राहिला. कतारने झडप फिरवली नाही, कारण तो वायू दुसरीकडे विकायला दुसरी वाट नव्हती आणि विश्वासू विक्रेता हे नावही घालवायचं नव्हतं.

समुद्रातून कशाला, जमिनीवरून स्वस्तात आणा, असंही सुचवलं जातं. जमिनीवरून म्हणजे पाकिस्तानातून. इराण-पाकिस्तान-भारत वाहिनी त्यातच अडकली, तुर्कमेनिस्तानची अजून आपल्यापर्यंत पोचलेली नाही. अल्जीरियाचा अनुभव बोलका आहे. स्पेनला जाणाऱ्या त्याच्या दोन वाहिन्या होत्या, एक मोरोक्कोतून आणि दुसरी, मेडगाझ, थेट समुद्राखालून. मोरोक्कोशी बिनसल्यावर ऑक्टोबर 2021 च्या अखेरीस पहिली बंद झाली, मेडगाझ चालू राहिली. वाटेवरचा तिसरा देश हा सगळ्यात महागडा भागीदार असतो.

खोलीचा आक्षेप मी गंभीर मानतो. 3,400 मीटरवर पाण्याचा दाब हवेच्या दाबाच्या साडेतीनशेपट होतो. तळाकडे उतरताना आतून रिकामा असलेला पाइप चेपला जाण्याचा धोका असतो, म्हणून पोलाद इंचाहून जाड लागतं आणि ते वजन पेलणारं जहाजही तसंच लागतं. 1993 मध्ये हे अवघड होतं. पण 2003 पासून वाहणारी ब्लू स्ट्रीम काळ्या समुद्रात 2,100 मीटरच्या खाली गेली आणि 2020 पासून वाहणारी टर्कस्ट्रीम ‘पायोनिअरिंग स्पिरिट’ या अजस्र जहाजाने तिथेच टाकली. उरलेलं अंतर मोठं आहे, अशक्य नाही. खोलीचा फायदाही आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये फिनलंड-एस्टोनिया वाहिनी जहाजाच्या नांगराने फाडली, ती उथळ पाण्यात. साडेतीन किलोमीटरवर नांगर पोचत नाही. माझी खरी धास्ती वेगळी आहे. या मार्गावर ओवेन भ्रंशपट्टा आहे आणि सिंधूने हजारो शतकं टाकलेल्या गाळाचा उतार आहे. भूकंपाने असा गाळ घसरला तर काय होतं ते 1929 मध्ये न्यूफाउंडलंडजवळ दिसलं, तिथे तळावरच्या तारायंत्राच्या तारा एकामागून एक तुटत गेल्या. मार्ग आखताना कंजुषी चालणार नाही.

सूर्य-वाऱ्याची वीज येतेच आहे, मग वायू कशाला? वीज येऊ द्या, यावीच. पण अलिबागजवळच्या थळच्या कारखान्यात युरिया होतो तो नैसर्गिक वायूपासून, आणि वायू महागला की खताचं अनुदान फुगतं. हरित हायड्रोजन त्याची जागा घेईपर्यंतचा काळ काढायचा आहे.

राहिला सर्वांत खरा प्रश्न: वायू कुणाचा आणि कोणत्या दराने? ओमान स्वतः डॉल्फिनमधून कतारचा वायू घेतो, कल्हातहून द्रवरूपात निर्यातही करतो. त्याच्याकडे भारतासाठी वीस वर्षं पुरेल एवढा शिल्लक आहे, हे गृहीत धरता येत नाही. कतारचा जादा वायू ओमानपर्यंत आणावा लागेल, इराणचा निर्बंधांमुळे अवघड. तरी एक मोठी सोय उरते. वाहिनीचं तोंड होर्मुझच्या सामुद्रधुनीबाहेर असेल, आणि आज कतारची सगळी जहाजं त्या चिंचोळ्या पाण्यातूनच येतात. दराच्या बाबतीत महाराष्ट्राला कुणी शिकवायला नको. एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पात डॉलरशी जोडलेला दर वीज मंडळाला झेपेना आणि 2001 मध्ये तो बंद पडला. त्याच दाभोळच्या वायू टर्मिनलात नंतर लाटारोधक भिंत अपुरी म्हणून वर्षानुवर्षं पावसाळ्यात जहाज लागू शकलं नाही. साधन उभारताना निम्मं काम मागे ठेवलं की असं होतं.

म्हणून आधी वायूचा करार, आणि त्यात दराला वरची व खालची मर्यादा. मग पाइप. वाहिनीत ‘गेल’ आणि ओएनजीसीची भागीदारी हवी, विकणाऱ्या देशाचाही पैसा त्यात अडकलेला हवा. भ्रंशपट्ट्याचं सर्वेक्षण सरकारने स्वतःच्या खर्चाने आजच सुरू करावं, ते कुठल्याही करारासाठी थांबण्याचं कारण नाही. टर्मिनलांवरचा एक रुपयाही यासाठी कमी करू नये.